मोटरहोम घ्यावं की फिफ्थ व्हील? अमेरिकेत पहिली आरव्ही घेणाऱ्यांसाठी

आरव्हीच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या, शोरूममध्ये शिरलं की बहुतेक जण आधी स्वयंपाकघर बघतात. मधोमध ओटा, भिंतीत इलेक्ट्रिक फायरप्लेस, बटण दाबलं की कपाटातून वर येणारा टीव्ही. अर्ध्या तासात कोण कुठे झोपणार हे मुलांनी ठरवूनही टाकलेलं असतं. हे घर ओढणार कोण, वर्षात किती वेळा हलणार आणि उरलेले महिने उभं कुठे राहणार, हे प्रश्न कर्जाच्या कागदांवर सह्या करताना आठवतात. म्हणून इथे क्रम मुद्दाम बदलला आहे.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांसाठी आहे. इथला शेजारी सोळाव्या वर्षी वडिलांची बोट ओढत रिव्हर्स घ्यायला शिकलेला असतो. आपण त्या वयात फार तर बजाज डबल स्टँडवर लावायला शिकलो. तेव्हा काही गोष्टी अगदी मुळापासून.

मोटरहोममध्ये इंजिन आणि घर एकाच चासीवर असतं. क्लास ए म्हणजे बसच्या आकाराचं, क्लास बी म्हणजे स्प्रिंटर, प्रोमास्टर किंवा ट्रान्झिट व्हॅनमध्ये बसवलेलं, आणि क्लास सी म्हणजे पुढे व्हॅनचं तोंड, मागे खोका आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग. भाड्याने मिळणारी मोटरहोम्स बहुतेक क्लास सी असतात. फिफ्थ व्हील हे बिनइंजिनाचं घर. त्याचा उंच पुढचा भाग पिकअपच्या हौद्यावर येतो आणि खालची किंगपिन, म्हणजे जाड खुंटी, हौद्यात बसवलेल्या हिचमध्ये, म्हणजे जोडणीच्या जबड्यात, अडकते. हिच साधारण मागच्या अ‍ॅक्सलच्या वर असते. त्यामुळे बंपरमागे जोडलेल्या साध्या ट्रेलरपेक्षा फिफ्थ व्हील वाऱ्यात कमी हेलकावे खातं. कार, एसयूव्ही किंवा मिनीव्हॅनने ते ओढता येत नाही, पिकअप हवाच.

पायरी १: मुक्काम मोजा

कागद घ्या आणि पुढच्या दोन वर्षांत खरोखर होतील अशा सहली लिहा. प्रत्येकीसमोर एकच आकडा लिहा: एका ठिकाणी किती रात्री. माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो.

मुलं शाळेत आहेत, सुट्टी दोन आठवडे, आणि त्यात यलोस्टोन, ग्रँड टिटन आणि युटामधली पार्कं उरकायची आहेत, तर दर एक-दोन रात्रींनी मुक्काम हलणार. फिफ्थ व्हील सोडवायचं म्हणजे चाकांखाली ठोकळे, पुढचे पाय खाली, वायर काढा, हिच उघडा, पिकअप पुढे घ्या, मग घर समतल करा, स्लाइड, म्हणजे खोलीचा बाहेर सरकणारा भाग, बाहेर काढा, पाणी, वीज, सांडपाण्याचा पाइप. नवख्याला तास सहज जातो, आणि पाऊस नेमका तेव्हाच येतो. सकाळी तेच उलट्या क्रमाने. मोटरहोममध्ये एका रात्रीपुरतं थांबायचं असेल तर हँडब्रेक लावायचा, प्लग जोडायचा आणि चहा टाकायचा.

पण पाच रात्री एका ठिकाणी राहिलात की पारडं फिरतं. दूध संपलं. फिफ्थ व्हीलवाला पिकअप घेऊन दुकानात जातो. मोटरहोमवाल्याला दुधासाठी अख्खं घर हलवावं लागतं: पाइप काढा, स्लाइड आत घ्या, ओट्यावरचे डबे कपाटात टाका. म्हणून लांब मुक्काम करणारे मोटरहोममागे छोटी गाडी ओढत नेतात. इथेही अट आहे. चारही चाकं रस्त्यावर ठेवून ओढता येतील अशा गाड्या थोड्याच आहेत. जीप रँगलर चालते, होंडा सीआर-व्ही २०१४च्या मॉडेलपर्यंत चालायची. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांचा गिअरबॉक्स असं ओढल्याने जळतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट परवानगी असल्याशिवाय कुणाचं ऐकू नका. शिवाय मागच्या गाडीला स्वतंत्र ब्रेक यंत्रणा लागते, आणि चारही चाकांवर ओढलेली गाडी जोडलेली असताना रिव्हर्स घेता येत नाही. चुकून बंद गल्लीत शिरलात तर गाडी सोडवूनच परत फिरावं लागतं.

माझा कौल असा: बहुतेक मुक्काम तीन रात्रींच्या आतले असतील तर क्लास सी. आठवडा किंवा त्याहून जास्त असतील, किंवा निवृत्तीनंतर हिवाळा अ‍ॅरिझोना-टेक्सासमध्ये काढायचा असेल, तर फिफ्थ व्हील. त्याच पैशात जागा जास्त मिळते, छत उंच असतं, आणि दोन माणसांना महिनाभर एकमेकांच्या पायात न येता राहता येतं.

पायरी २: माणसं मोजा, पट्टे मोजा

"सहा जण झोपतात" म्हणजे सहा जण बसून प्रवास करू शकतात असं नाही. मोटरहोममध्ये सीटबेल्ट किती आणि कुठे आहेत ते हात लावून बघा. डायनेटवरच्या, म्हणजे जेवणाच्या टेबलाजवळच्या, उलट्या तोंडाच्या बाकाखाली बऱ्याचदा नुसतं प्लायवुड असतं. मुलाची कार सीट तिथे लावायची नाही. कार सीटसाठी पुढे तोंड असलेली, चासीला नीट जोडलेली जागा हवी. गाडी चालू असताना मागे जाऊन पोहे परतणं वगैरे व्हिडिओत छान दिसतं. प्रत्यक्षात सगळ्यांनी पट्टा लावून बसायचं असतं, बाथरूमलाही गाडी थांबवूनच जायचं.

फिफ्थ व्हीलमध्ये चालू प्रवासात कुणीही बसायचं नाही. काही राज्यांत अटींसह परवानगी आहे, तरी नकोच. सगळे पिकअपमध्ये. क्रू कॅबमध्ये, म्हणजे चार दारांच्या केबिनमध्ये, पाच-सहा माणसं ऐसपैस बसतात, आणि मोठ्या मोटरहोमच्या खडखडाटापेक्षा ती बैठक बरीच शांत असते.

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येणार असतील तर त्यांना, किंवा त्या वयाच्या कुणाला तरी, शोरूममध्ये न्या. एक टनी पिकअपची (हे जड पिकअपच्या वर्गाचं नाव, वजन नव्हे) सीट कमरेच्या वर असते. पायठाण आणि धरायला दांडा असूनही गुडघेदुखीच्या माणसाला दर थांब्याला ती चढउतार जड जाते. फिफ्थ व्हीलमध्ये दारात तीन-चार पायऱ्या आणि बाथरूम-बेडरूमकडे जायला आत आणखी दोन-तीन. रात्री उठणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं. क्लास सीमधला डोक्यावरचा पलंग तर फक्त मुलांचा.

आता स्वयंपाकघर. दोन्हींत प्रोपेनची शेगडी असते, कुकर आणि कढई बसते, पण छोटे बर्नर एकमेकांच्या इतके जवळ की भाकरीचा तवा ठेवला की शेजारचा बर्नर गेला. फोडणीच्या धुराने स्मोक अलार्म वाजणारच. छताचा पंखा आधी लावा, मोहरी मग टाका. बरेच जण म्हणतात, आपण इंडक्शन नेऊ. त्याआधी वीज किती अँपिअरची ते बघा. ३० अँपिअरच्या जोडणीत एकूण ३,६०० वॉट मिळतात. एसीला त्यातले दीड हजाराच्या आसपास, इंडक्शन पूर्ण जोरावर १,८०० वॉट. त्यात कुणी मायक्रोवेव्ह सुरू केला की दिवे गेले. ५० अँपिअरच्या जोडणीत १२,००० वॉट असतात. मोठ्या फिफ्थ व्हील आणि क्लास एमध्ये ती असते, क्लास सीमध्ये सहसा ३०चीच. ऑगस्टमध्ये टेक्सासला जाणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

पायरी ३: कुठे उभी राहील, कुठून जाईल

तुमच्या वसाहतीच्या एचओएचे नियम आजच काढून वाचा. बहुतेक नव्या वसाहतींत ड्राइव्हवेवर आरव्ही उभी करता येत नाही, किंवा सामान भरण्यापुरते एक-दोन दिवस मिळतात. मग स्टोरेजचं भाडं: उघड्या जागेला महिन्याला पन्नास-शंभर डॉलर, छपराखाली किंवा मोठ्या शहराजवळ त्याच्या दुप्पट-तिप्पट. फिफ्थ व्हील घेतलंत तर ट्रेलर स्टोरेजमध्ये राहतो, पण पिकअप घरीच येतो. तो तुमच्या गॅरेजमध्ये मावतो का? बहुतेक वेळा नाही.

रस्त्यांचंही तसंच. ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या डोंगरी भागात २१ फुटांपेक्षा लांब वाहन, जोडलेला ट्रेलर धरून, जाऊच शकत नाही. फिफ्थ व्हील कॅम्पमध्ये सोडलं तरी लांब हौद्याचा क्रू कॅब पिकअप एकटाही त्या मर्यादेत बसत नाही. जुन्या पार्कांतल्या कॅम्पसाइट्स तंबू आणि छोट्या ट्रेलरच्या काळात आखलेल्या. तीस फुटांच्या पुढे गेलात की पर्याय भराभर कमी होतात. यलोस्टोनमध्ये वीज, पाणी, सांडपाणी या तिन्ही जोडण्या फक्त फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये मिळतात, आणि तिथलं आरक्षण लवकर संपतं.

ईशान्येकडच्या लोकांसाठी दोन सूचना. न्यू यॉर्कचे पार्कवे, म्हणजे झाडीतले सुंदर जुने रस्ते, ट्रेलरना बंद आहेत आणि तिथले पूल बुटके आहेत. फिफ्थ व्हीलची उंची साडेबारा ते साडेतेरा फूट असते. फोनवरच्या नेहमीच्या नकाशाला ती माहीत नसते. आरव्हीची उंची भरता येणारा जीपीएस घ्या. दुसरं, बाल्टिमोरच्या बोगद्यांतून आरव्हीच्या आकाराची प्रोपेनची टाकी नेता येत नाही. पूर्वी फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून वळसा घालायचे; २६ मार्च २०२४ला तो पूल कोसळल्यापासून आय-६९५च्या पश्चिम बाजूने शहराला फेरी मारावी लागते. न्यू जर्सीहून व्हर्जिनियाला जाताना हा वेळ धरून निघा.

जाता जाता एक: एच-१बीवर असाल आणि आरव्हीतून महिनाभर रिमोट काम करायचा बेत असेल तर आधी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला विचारा. कामाची जागा बदलली की कागदपत्रंही बदलावी लागू शकतात.

पायरी ४: फिफ्थ व्हीलकडे कल असेल तर आधी पिकअपचं दार उघडा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. विक्रेता सांगतो, "हा ट्रक वीस हजार पौंड ओढतो, तुमचा ट्रेलर तर चौदाच हजारांचा आहे." वाक्य खरं असू शकतं, आणि तरी ट्रक अपुरा असू शकतो. कारण फिफ्थ व्हील नुसतं ओढलं जात नाही, त्याचं एक चतुर्थांशापर्यंत वजन पिकअपच्या पाठीवर बसतं.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळी-पांढरी पट्टी असते. तिच्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको. हा त्या एका ट्रकचा पेलोड. जाहिरातीतला आकडा नको. सनरूफ, चामडी सीट, फोर व्हील ड्राइव्ह असं काही वाढलं की पेलोड घटतो. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांत कित्येकशे पौंडांचा फरक निघतो.

आता हिशोब. ट्रेलरचं रिकामं वजन विसरा, त्याच्या बाहेरच्या पट्टीवरचं कमाल वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, घ्या. धरा १४,००० पौंड. किंगपिनवर येणारा भार त्याच्या २० ते २५ टक्के. २२ धरले तर ३,०८०. हौद्यातली हिच २००. चार माणसं ६४०. हत्यारं, कूलर, मागच्या सीटवरची तांदळाची पिशवी वगैरे २००. बेरीज ४,१२०. तीन-चतुर्थांश टनी डिझेल पिकअपच्या, म्हणजे एफ-२५० किंवा २५००च्या, दारावर बऱ्याचदा दोन ते तीन हजारांच्या मधला आकडा असतो. संपला विषय. एक टनी, म्हणजे एफ-३५० किंवा ३५०० लागतो, तोही काठावर. मागे चार चाकं असलेला ड्युअली असेल तर निर्धास्त. अर्धा टनी एफ-१५० किंवा १५०० घरी आहे म्हणून त्याला शोभणारं फिफ्थ व्हील शोधणाऱ्यांनी तो नाद सोडून बंपरला जोडायचा हलका ट्रेलर बघावा.

हौद्याची लांबीही मोजा. आठ फुटी हौदा उत्तम. साडेसहा फुटी असेल तर काटकोनात वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेला भिडू शकतो. त्यासाठी मागे सरकणारी हिच मिळते. साडेपाच फुटीच्या वाटेला जाऊ नका.

सगळं भरून झालं की ट्रक स्टॉपवरच्या कॅट काट्यावर वजन करा. पंधरा-वीस डॉलरांत पुढचं अ‍ॅक्सल, मागचं अ‍ॅक्सल आणि ट्रेलर यांचे वेगळे आकडे छापून मिळतात. मोटरहोमवाल्यांनीही करावं. त्यांच्याकडे ओढण्याचा प्रश्न नसला तरी सामान भरायची मर्यादा असते. पाणी एका गॅलनला ८.३४ पौंड भरतं; ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड तिथेच गेले. काही क्लास सीमध्ये पाणी आणि सहा माणसं भरल्यावर कपड्यांच्या बॅगांपुरतीही जागा हिशोबात उरत नाही.

घाट असतील तर इंजिनाकडेही बघा. साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के कमी होते. कोलोरॅडोत आय-७०वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर आहे. तिथे एक तृतीयांश ताकद गेलेली असते. टर्बो डिझेलला हा त्रास कमी, आणि उतारावर इंजिनानेच वेग धरून ठेवणारा एक्झॉस्ट ब्रेक मिळतो. चढापेक्षा उतारावर त्याची किंमत जास्त कळते.

पायरी ५: लायसन्स

बहुतेक राज्यांत घरगुती वापराच्या आरव्हीला साधं लायसन्स चालतं, पण स्वतःच्या राज्याची डीएमव्ही बघाच. कॅलिफोर्नियात १०,००० ते १५,००० पौंड जीव्हीडब्ल्यूआरच्या फिफ्थ व्हीलसाठी लायसन्सवर वेगळी नोंद लागते, १५,०००च्या वर बिगर-व्यावसायिक क्लास ए लायसन्स, आणि ४० फुटांहून लांब मोटरहोमला बिगर-व्यावसायिक क्लास बी. टेक्सासमध्ये २६,००० पौंडांच्या वरच्या मोटरहोमला क्लास बी लायसन्स लागतं. हे क्लास लायसन्सचे, वर सांगितलेल्या मोटरहोमच्या प्रकारांचे नाहीत.

पायरी ६: पैशांची मांडणी

ढोबळ आकडे: नवं क्लास सी एक ते दीड लाख डॉलर, पेट्रोल क्लास ए त्याच्या वर, डिझेल क्लास ए अडीच लाखांपासून पुढे कितीही. फिफ्थ व्हील चाळीस हजारांपासून सव्वा लाखापर्यंत, आणि ते पेलणारा नवा एक टनी डिझेल पिकअप सत्तर-नव्वद हजारांचा. म्हणजे "फिफ्थ व्हील स्वस्त" हे पिकअप आधीच दारात असेल तरच खरं.

पण खरा फरक दुरुस्तीत. मोटरहोमचं इंजिन बिघडलं की घरच गॅरेजमध्ये जातं आणि तुम्ही हॉटेलात. पिकअप बिघडला तर कोणत्याही गावातला डीलर बघतो, दुसरा ट्रक भाड्याने घेता येतो, घर कॅम्पमध्ये तसंच. शिवाय पिकअप वर्षभर वापरात राहतो. मोटरहोमचं इंजिन महिनोन्‌महिने उभं राहून बिघडतं, विमा आणि नोंदणी मात्र चालूच. कर्ज असेल तर एक दिलासा: झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेली आरव्ही करात दुसरं घर म्हणून धरता येते. व्याजाची वजावट मिळते, पण आयटमाइझ करणाऱ्यांनाच.

पायरी ७: आधी भाड्याने, मग जुनी

क्लास सी भाड्याने सहज मिळते. एक लाँग वीकेंड काढा. फिफ्थ व्हील मालक स्वतः आणून कॅम्पवर लावून देतात असेही पर्याय आहेत. राहणं कळतं, ओढणं कळत नाही, पण निम्मं काम होतं.

जुनी घेताना गाडीखाली शिरण्याआधी कपाटांत शिरा. टॉर्च घेऊन छताच्या कोपऱ्यांत, पलंगाखाली, स्लाइडच्या कडांना बघा: तपकिरी डाग, ओलसर वास, दाबल्यावर खचणारी जमीन. बाहेरून भिंतीवर तिरपं बघा. फायबरग्लास फुगलेला दिसला तर आत पाणी मुरलंय, आणि ती दुरुस्ती सौद्याच्या किमतीत बसत नाही. टायरवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचा: ३२१९ म्हणजे २०१९चा ३२वा आठवडा. आरव्हीचे टायर झिजून नाही, उभे राहून म्हातारे होतात. सहा वर्षांच्या पुढचे असतील तर नक्षी नवी दिसली तरी नव्या टायरचे पैसे किमतीतून कापा. मोठी रक्कम गुंतवत असाल तर विक्रेत्याशी संबंध नसलेला आरव्ही इन्स्पेक्टर बोलवा.

पायरी ८: पहिला आठवडा

मोकळ्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी सराव करा. फिफ्थ व्हील रिव्हर्स घेताना हात स्टीअरिंगच्या तळाशी धरा. ट्रेलरची शेपूट ज्या बाजूला न्यायची, हात त्याच बाजूला सरकवा. वळताना त्याची चाकं कोपरा आतून कापतात, म्हणून वळण उशिरा घ्या. मोटरहोमचं उलटं: मागच्या चाकांमागे दहा-बारा फूट खोका लोंबत असतो, डावीकडे वळलात की त्याची शेपूट उजवीकडे झाडते. पेट्रोल पंपावरचे पिवळे खांब तिचीच वाट बघत असतात.

फिफ्थ व्हील जोडताना टेलगेट खाली करून मागे या. हिचचा जबडा किंगपिनभोवती पूर्ण बंद झाला का ते टॉर्चने बघा, कुलूप-पिन घाला. सात पिनांची वायर जोडा. आपत्कालीन ब्रेकची दोरी ट्रकला बांधा, हिचला नको. मग पुढचे पाय जमिनीला जेमतेम टेकलेले असतानाच, हाताने फक्त ट्रेलरचा ब्रेक दाबून ट्रक हळूच पुढे ओढा. ट्रक अडला तर जोड पक्का. ही एक मिनिटाची चाचणी टाळली आणि जबडा उघडा असला, तर ट्रेलर हौद्याच्या कडांवर आदळतो आणि दोन्हींचा खर्च येतो.

टाक्या रिकाम्या करताना आधी शौचालयाची काळी, मग अंघोळ-भांड्यांची करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. पूर्ण जोडणी असली तरी काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका. पाणी वाहून जातं आणि घन तेवढं साठतं. आपल्या तांब्याच्या सवयीने टाकी स्वच्छ राहते, फक्त जोडणी नसलेल्या ठिकाणी लवकर भरते, तेव्हा टाकीच्या मापकावर लक्ष असू द्या.

पहिली सहल घरापासून तासाभराच्या अंतरावर, मधल्या वारी, आणि आरक्षण करताना एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येईल अशीच जागा मागा.